सोल्डर बिटाने थापू नका: नवशिक्यांसाठी सर्किट बोर्डाचं सोल्डरिंग

रिपेअरिंगच्या दुकानात काउंटरपाशी उभं राहून बघितलं की सोल्डरिंग फार सोपं वाटतं. कारागीर गरम बिट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं टोक, पिवळ्या पेस्टच्या डबीत टेकवतो, चर्र आवाज होतो, धूर निघतो, मग बिटावर सोल्डरचा, म्हणजे जोड देणाऱ्या वितळलेल्या धातूचा, एक थेंब उचलून तो जागेवर लावतो आणि काम झालेलं असतं. घरी पहिलं किट आणणारा तेच करायला जातो आणि बोर्डाच्या मागे राखाडी गोळ्यांची रांग उभी राहते. वायर हलवली की एलईडी लागतो, सोडली की विझतो.

दुकानातल्या माणसाचं निभतं, कारण तो बहुतेक वेळा जुन्या, आधीच सोल्डर बसलेल्या जागेवर काम करत असतो. तिथे थोडा नवा फ्लक्स (धातू स्वच्छ करणारा पदार्थ, त्या पेस्टमध्ये असतो तो) आणि थोडी उष्णता मिळाली की पुरतं. कोऱ्या पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या टिकलीवर, पार्टचा कोरा पाय पहिल्यांदा जोडणं हे निराळं काम आहे, आणि नवशिक्याला नेमकं तेच करायचं असतं.

आत काय घडतं ते आधी बघू. सोल्डरमधलं कथील गरम तांब्याला भिडलं की दोघांच्या सीमेवर तांबं आणि कथील यांच्या संयुगाचा एक थर तयार होतो, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. जोड धरून ठेवतो तो हा थर. तो तयार व्हायचा तर पॅड आणि पाय दोन्ही स्वच्छ हवेत, आणि दोन्ही सोल्डरच्या वितळणबिंदूच्या वर तापलेले हवेत. कल्हईवाला काय करायचा आठवा: आधी भांडं तापवायचा, नवसागर टाकून ते चकचकीत करायचा आणि मग कथील फिरवायचा. थंड भांड्यावर वितळलेलं कथील ओतून कल्हई होत नाही. बोर्डावर नवसागराचं काम फ्लक्स करतो. सोल्डरच्या तारेच्या पोटात बारीक नळी असते आणि तिच्यात राळेपासून बनवलेला फ्लक्स भरलेला असतो. तार वितळताना तो बाहेर येतो, धातूवरचा ऑक्साइड खातो आणि दोन-तीन सेकंदांत जळून संपतो.

तार बिटावर वितळवून तो थेंब पॅडपर्यंत नेला, तर फ्लक्स वाटेतच धूर होऊन जातो. पॅडवर पोचतं ते फ्लक्स नसलेलं, वरून साय धरलेलं सोल्डर. ते पसरत नाही, नुसतं चिकटून बसतं. पुढचं सगळं तंत्र या एका गोष्टीभोवती फिरतं.

साहित्य

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत सोल्डरिंग आयर्न मागितलं की समोर पहिल्यांदा २५ वॅटचं साधं आयर्न येतं. शिकायला ते चालतं. त्याला थर्मोस्टॅट नसतो, एवढं मात्र लक्षात ठेवा. नुसतं लावून ठेवलं तर ते गरजेपेक्षा बरंच जास्त तापतं आणि बिट काळं पडतं. मोठ्या तांब्याला टेकवलं की उलट थंड पडतं. महिन्यातून दोन-चार वेळा काम करणार असाल तर ६० वॅटचं, तापमान बदलता येणारं आयर्न घ्या. १०० वॅटचं आयर्न पत्र्याच्या आणि जाड केबलच्या कामाचं असतं, बोर्डासाठी नको.

तापमानाचा आकडा: शिसं असलेल्या सोल्डरला ३२० ते ३५० अंश सेल्सियस, शिसं नसलेल्याला ३५० ते ३८०. हे सोल्डरच्या वितळणबिंदूपेक्षा खूप वर वाटेल. पण बिट टेकवताक्षणी उष्णता पॅड आणि पायात वाहून जाते आणि टोक थंड व्हायला लागतं. तापमान बदलता येणाऱ्या स्वस्त आयर्नच्या पडद्यावरचा आकडा टोकाचा असतोच असं नाही, तेव्हा आकड्यावर फार विसंबू नका. जॉइंट तीन सेकंदांत नीट होत असेल तर तापमान बरोबर आहे.

बिट निवडताना जवळपास प्रत्येक नवशिका सुईसारखं टोकदार बिट उचलतो, कारण काम नाजूक आहे असं त्याला वाटतं. टोकदार बिटाचा पॅडला लागणारा भाग टाचणीच्या डोक्याएवढाही नसतो, उष्णता जाणार कुठून? दीड ते अडीच मिलिमीटर रुंदीचं, छिन्नीसारखं चपटं बिट घ्या. त्याची चपटी बाजू पॅड आणि पाय दोघांनाही एकाच वेळी टेकते.

सोल्डरमध्ये शिकण्यासाठी ६०/४० घ्या, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १८३ अंशांना मऊ व्हायला लागतं आणि साधारण १९० अंशांना पूर्ण पातळ होतं. ६३/३७ मिळालं तर आणखी बरं. ते १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, मधली लोण्यासारखी अवस्था नसल्यामुळे हात किंचित हलला तरी जॉइंट बिघडण्याची शक्यता कमी. जाडी २२ गेज मागा, म्हणजे ०.७ मिलिमीटर. दुकानात हमखास पुढे येणारं १८ गेज सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतं. त्याने एका क्षणात पॅडवर ढीग होतो.

शिसं नसलेलं सोल्डर वाईट नाही. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या उपकरणांत शिशावर बंदी आली आणि हल्लीचे तयार बोर्ड बहुतांशी शिसं नसलेल्या सोल्डरचेच असतात. पण कथील-तांब्याचं साधं मिश्रण २२७ अंशांना वितळतं, पसरायला नखरे करतं, आणि चांगला जॉइंटही जरा मळकट दिसतो, त्यामुळे आपलं बरोबर आहे की चूक ते नवख्याला कळत नाही. आधी ६०/४० वर हात बसवा.

दुकानातल्या त्या पिवळ्या पेस्टबद्दल. राळेचा फ्लक्स असेल तर डबी जवळ ठेवा, जुना बोर्ड दुरुस्त करताना उपयोगी पडते. नळजोडणीच्या किंवा पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट मात्र बोर्डाजवळही आणू नका. जॉइंट पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि काही महिन्यांनी ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, हिरवे पडून तुटतात. डबीवर काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

याशिवाय: पितळी तारेचा गुंता असलेली डबी किंवा ओला स्पंज, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा डिसोल्डर पंप, ते टिपून घेणारी तांब्याची विणलेली विक, लहान कटर, चिमटा, कंटिन्युइटीला, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की, बीप देणारा मल्टीमीटर, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. आयर्नचा स्टँड मात्र चुकवू नका. बशीच्या काठावर टेकवलेलं आयर्न कधी ना कधी स्वतःचीच वायर जाळतं.

बसण्यापूर्वी

धुराची काळजी घ्या. लोक शिशाच्या वाफेला घाबरतात, पण ३५० अंशांना शिशाची वाफ नगण्य असते. दिसतो तो धूर राळेचा, आणि तो रोज छातीत गेला तर दम्याचा त्रास होऊ शकतो. खिडकीजवळ बसा आणि छोटा पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्यापासून दूर ओढून नेईल. छताचा पंखा बंद. तो धूर तोंडाभोवती फिरवतो आणि जॉइंटही थंड करतो.

शिशाचा धोका हातातून तोंडात जाण्याचा आहे. काम करताना चहा-बिस्किटं नकोत, तार दातात धरू नका, उठल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलं जिथे बसून जेवतात त्या टेबलावर हे काम करूच नका. गरोदर बाईने किंवा लहान मुलाने शिसं नसलेलंच सोल्डर वापरावं.

पाय कापताना तुकडा कुठेही उडतो, म्हणून साधा का होईना, डोळ्यांवर चष्मा हवा. आयर्न हातातून निसटलं तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको.

आयर्न तीन पिनांचं असावं आणि घरातलं अर्थिंग खरंच चालू असावं. टोकावर गळती व्होल्टेज आलं की आयसी (चिप) जाण्याचा धोका असतो. स्थिर विजेचा त्रास कोकणातल्या दमट हवेत कमी जाणवतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या थंडीत, त्यात लोकरीचा स्वेटर घातला असेल, तर स्थिर विजेने जाऊ शकणारी मॉस प्रकारची आयसी हाताळण्यापूर्वी अर्थ केलेल्या धातूला हात लावण्याची सवय ठेवा.

बिट आधी तयार करा

नवं बिट पहिल्यांदा तापतं तेव्हा सोल्डरची तार हातात तयार ठेवा आणि ते वितळण्याइतकं गरम होताच टोकाला सगळीकडून सोल्डर लावा. टोक चांदीसारखं चमकलं पाहिजे. हा पातळ थर उष्णता पुढे नेतो. कोरडं काळं बिट ३५० अंशांवर असलं तरी पॅड तापवत नाही, कारण ऑक्साइडचा काळा थर उष्णता अडवतो.

बिटाला कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. हल्लीच्या बिटांत आत तांबं आणि वर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो एकदा खरवडला की कथील आतलं तांबं विरघळवायला लागतं आणि टोकाला खड्डा पडतो. जुन्या लोकांची कानस मारण्याची सवय नुसत्या तांब्याच्या बिटांच्या काळातली. तशी बिटं अजूनही स्वस्त आयर्नसोबत येतात. त्यांना कानस चालते, पण ती झिजतातही भराभर.

काम चालू असताना क्रम असा: स्टँडवरून उचललं, पितळी तारेत दोनदा खुपसलं, जॉइंट केला, परत ठेवलं. ठेवण्यापूर्वी पुसू नका, उचलल्यावर पुसा. ठेवताना टोकावर सोल्डर राहिलेलंच चांगलं. आयर्न बंद करतानाही टोकावर ताज्या सोल्डरचा जाडसर थेंब ठेवा. स्पंज वापरत असाल तर तो पिळून काढलेला असावा, पाणी ठिबकणारा नको. बिट दर वेळी गार पाण्यात बुडून परत तापत राहिलं तर त्याचा मुलामा तडकतो.

बोर्ड आणि पार्ट

सरावासाठी बाजारात मिळणारा झिरो पीसीबी, म्हणजे नुसती भोकं आणि पॅड असलेला कोरा बोर्ड, घ्या. तपकिरी रंगाचा असतो तो कागद आणि फिनॉलिक रेझिनचा. स्वस्त आहे, पण त्याचे पॅड जास्त उष्णतेने पटकन उखडतात. हिरवट किंवा पिवळसर, काचेच्या धाग्याचा थोडा महाग पडतो आणि बराच जास्त सोसतो. सुरुवातीला तुम्ही पॅडवर गरजेपेक्षा जास्त वेळ थांबणारच आहात, म्हणून चार पैसे जास्त देऊन दुसरा घ्या.

पावसाळाभर ड्रॉवरमध्ये पडलेल्या बोर्डाचं तांबं काळपट झालेलं असतं. पेन्सिलीच्या खोडरबरने घासा, तांबं गुलाबी दिसायला लागलं की अल्कोहोलने पुसा आणि मग पॅडला बोट लावू नका. जुन्या पार्टचे पाय मळकट असतील तर ब्लेडच्या पाठीने हलकेच खरवडा. ही दोन मिनिटं वाचवणारे लोक पुढे अर्धा तास ‘सोल्डर धरत का नाही’ म्हणून डोकं खाजवत बसतात. अल्कोहोलची बाटली झाकण लावून बाजूला ठेवूनच आयर्न चालू करा, ते पेट घेतं.

पार्ट बुटक्यापासून उंचाकडे बसवायचे: आधी रेझिस्टन्स आणि डायोड, मग आयसी खोचायचे सॉकेट, मग छोटे कंडेन्सर, ट्रान्झिस्टर, शेवटी मोठे कंडेन्सर आणि कनेक्टर. बोर्ड उलटा केला की बुटका पार्ट टेबलाला टेकून जागेवर राहतो. उंच पार्ट आधी लावलात तर बुटके खाली गळून पडतात. पाय घालून झाले की मागच्या बाजूने ते थोडे फाकवा, म्हणजे पार्ट निसटत नाही. पूर्ण आडवे करू नका, कधी काढायची वेळ आली तर रडाल.

कुठला पार्ट उलटा बसू शकतो ते सोल्डरला हात लावण्यापूर्वी बघा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजूला असतो, डायोडवरची रेघ म्हणजे कॅथोड (ऋण बाजू), एलईडीचा लांब पाय धन, आयसी खाच वर धरून पाठीकडून बघितली की डावीकडची वरची पिन एक नंबरची. रेझिस्टन्सला दिशा नसते.

जॉइंट

बोर्ड हलणार नाही असा ठेवा. ‘थर्ड हँड’ नावाचा चिमट्यांचा स्टँड मिळतो. नसेल तर बोर्डाच्या कडांखाली दोन जाड पुस्तकं ठेवा, तेवढं पुरतं. उजव्या हातात आयर्न पेनासारखं, डाव्या हातात तार, टोकाची चार-पाच सेंटिमीटर मोकळी. डावखुऱ्यांनी उलट. दोन्ही मनगटं टेबलावर टेकलेली हवीत. हात हवेत राहिला तर थरथर थांबत नाही.

बिट पुसून त्यावर अगदी किंचित ताजं सोल्डर घ्या, थेंब नाही, नुसता ओलावा. हे जॉइंटसाठी नाही. बिट आणि पॅड यांच्यातली हवेची फट भरायला आहे, कारण दोन कोरड्या धातूंमधून उष्णता फार हळू जाते.

आता बिट खाली, जिथे पाय पॅडमधून वर येतो त्या कोपऱ्यात टेकवा. चपटी बाजू पॅडवर, कड पायाला. दाबायचं नाही. दाबल्याने उष्णता वाढत नाही, पॅड मात्र सैल होतो. एक सेकंद थांबा.

मग तार बिटाच्या समोरच्या बाजूने आणा आणि पाय आणि पॅड मिळतात तिथे लावा. बिटाला लावू नका. जागा तापली असेल तर तार तिथेच वितळेल आणि सोल्डर पॅडवरून सरकत बिटाकडे धावेल. तापली नसेल तर तार नुसती टेकून राहील. म्हणजे अजून क्षणभर थांबायचं आहे. तार बिटाला लावून घाई करायची नाही.

इथे बारकाईने बघा, कारण सगळी परीक्षा या अर्ध्या सेकंदाची आहे. सोल्डर आधी फुगीर थेंबासारखं दिसतं. मग त्याची कड एकदम पातळ होते, पॅडच्या काठापर्यंत पसरते आणि पायावर थोडी वर चढते. फुगवटा बसतो आणि उतार तयार होतो. हे दिसताच तार काढा. बिट आणखी अर्धा सेकंद तसंच ठेवा आणि पायाच्या दिशेने वर उचला. तार आधी, आयर्न नंतर. उलटं केलंत तर तार जॉइंटमध्येच चिकटून बसते.

सगळं मिळून दोन ते तीन सेकंद. पाच सेकंद होऊनही सोल्डर धावलं नाही तर तसंच तापवत राहू नका. उचला, बोर्ड थंड होऊ द्या आणि कारण शोधा: बिट काळं आहे का, पॅड मळका आहे का, की पॅड मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेला आहे. शेवटच्या बाबतीत, म्हणजे ग्राउंडच्या पिनांना, उष्णता त्या पट्ट्यात पळून जाते. तिथे तापमान वाढवण्याआधी जास्त रुंद बिट लावून बघा.

आयर्न उचलल्यावर सोल्डर गोठेपर्यंत पार्टला हात लावू नका आणि फुंकरही मारू नका. एक-दोन सेकंदांचंच काम असतं. पाय जॉइंट झाल्यावर कापा, सोल्डरच्या उतारात शिरून नाही, त्याच्या जरा वरून. कापताना पायाचं टोक बोटाने धरलं की तो उडत नाही.

बघून काय कळतं

चांगला जॉइंट बाहेर फुगलेला नसतो. त्याची बाजू आत वळलेली, छोट्या टेकडीच्या पायथ्यासारखी उतरती असते, पॅड पूर्ण झाकलेला असतो आणि मधून पायाचा आकार कळतो. ६०/४० असेल तर पृष्ठभाग चमकदार.

गोल मण्यासारखा गोळा असेल तर दोन शक्यता: सोल्डर जास्त झालंय, किंवा पॅड तापलाच नाही आणि गोळा वर नुसता बसलाय. दुसरा प्रकार धोक्याचा. दुकानदार ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात आणि ज्याच्यापायी जुना टीव्ही थाप मारल्यावर सुरू व्हायचा, त्यातलाच हा. भिंगातून बघितलं तर गोळ्याच्या कडेखाली किंवा पायाभोवती काळी बारीक फट दिसते. उपाय: थोडा ताजा फ्लक्स लावा, बिट कोपऱ्यात टेकवा, पुन्हा पूर्ण वितळू द्या, अगदी थोडी नवी तार द्या. वरून नुसतं आणखी सोल्डर थापून ड्राय सोल्डर जात नाही.

पृष्ठभाग खरबरीत, सुरकुतलेला असेल तर गोठताना पार्ट हलला. पुन्हा वितळवा, संपलं. टोकदार शेपूट वर आलं असेल तर फ्लक्स जळून गेल्यावरही बिट तिथेच होतं. सोल्डर पॅडवर आहे पण पायाभोवती खळगा आहे, तर पाय मळका होता. शेजारच्या दोन पॅडमध्ये पूल झाला असेल तर बिट स्वच्छ पुसून दोन्हींच्या मधून ओढा, बरंचसं सोल्डर बिटावर येतं. राहिलंच तर विक लावा.

आरपार मुलामा असलेल्या भोकांच्या तयार बोर्डावर सोल्डर भोकातून वरच्या बाजूपर्यंत चढायला हवं. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या आयपीसी-ए-६१० या निकषात वरच्या दर्जासाठी भोकाची किमान ७५ टक्के उंची भरलेली लागते. झिरो पीसीबीला भोकात मुलामा नसतो, तिथे खालचा उतार नीट असला की झालं.

काढायची वेळ आली तर

उलटा बसलेला पार्ट काढताना पहिली गोष्ट विचित्र वाटेल: जुन्या जॉइंटवर आधी नवं सोल्डर घाला. त्यातला फ्लक्स जुनं सोल्डर पातळ करतो आणि मगच ते पंपाने ओढलं जातं. पंप दाबून तयार ठेवा, जॉइंट पूर्ण वितळवा, पंपाचं नाक बिटाच्या अगदी शेजारी आणा, बटण दाबा. एकदा-दोनदा ओढून आलं नाही तर परत नवं सोल्डर घालून पहिल्यापासून. कोरड्या पॅडवर बिट घासत राहिलात तर पॅड उखडलाच म्हणून समजा.

विक वापरताना बिट विकवर आणि विक जॉइंटवर. विक जॉइंटवर चिकटून गोठली तर खेचू नका, पुन्हा तापवून उचला, नाहीतर पॅड तिच्यासोबत येतो.

आठ पायांची आयसी वाचवायच्या नादात बोर्ड घालवू नका. स्वस्त आयसीसाठी बोर्ड खराब करणं कुठलं शहाणपण? कटरने आयसीचे पाय अंगापाशी कापा आणि मग एकेक पाय चिमट्याने ओढून काढा. याच कारणासाठी नवशिक्याने आयसी थेट सोल्डर करू नये, सॉकेट लावावं. सॉकेटच्या समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन पिना आधी लावा, ते बोर्डाला सपाट टेकलंय का बघा, वाकडं असेल तर त्या दोन पिना तापवून दाबा आणि मग बाकीच्या लावा.

हात बसवायला एक सर्किट

आधी नुसते कोरे रेझिस्टन्स घेऊन एका ओळीत लावत जा, कापा, भिंगातून बघा. ओळीतले शेवटचे दहा जॉइंट एकमेकांसारखे दिसायला लागले की ५५५ या टायमर आयसीचा लुकलुकणारा एलईडी करा.

जोडणी अशी. आठ पिनांचं सॉकेट. ८ आणि ४ नंबरच्या पिना एकमेकींना जोडून ९ व्होल्टच्या धन बाजूला. १ नंबर ऋण बाजूला. ८ आणि ७ यांच्यात १ किलोओहमचा रेझिस्टन्स, ७ आणि ६ यांच्यात ६८ किलोओहमचा. २ आणि ६ एका तारेने जोडा. २ पासून ऋण बाजूला १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याचा पट्ट्याचा पाय ऋणाकडे. ५ पासून ऋणाकडे ०.०१ मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सर. ३ पासून ४७० ओहमचा रेझिस्टन्स, पुढे एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ऋणाला. या मापांना एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो.

झिरो पीसीबीवर एका पॅडपासून दुसऱ्यापर्यंत जायला लोक सोल्डरचाच ओहोळ ओढतात. दोन पॅडमधल्या २.५४ मिलिमीटर अंतराला ते एक वेळ चालेल. त्याहून लांब असेल तर रेझिस्टन्सचे कापलेले पाय वापरा: पाय मार्गावर आडवा ठेवून दोन्ही टोकांना आणि मध्ये एक-दोन ठिकाणी सोल्डर करा. मजबूत होतं आणि सोल्डरही कमी लागतं. कनेक्टरकडे जाणारी वायर अनेक पदरी असेल तर आधी पीळ द्या, टोक सोल्डरने ओलं करा आणि मग बोर्डात घाला.

झाल्यावर बोर्डाची मागची बाजू जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने साफ करा. राळेचा चिकटा तसा निरुपद्रवी, पण त्याखाली केसासारखे पूल लपून राहतात. मग आयसी न बसवता मल्टीमीटर बीपवर ठेवून आधी धन आणि ऋण बाजूंमध्ये शॉर्ट नाही ना बघा. मीटर लावल्या क्षणी एकदा टिक वाजून बंद झाला तर हरकत नाही, सलग वाजत राहिला तर बॅटरी लावू नका. त्यानंतर सॉकेटच्या शेजारशेजारच्या पिना तपासा. एकही जोडी वाजता कामा नये. मग ४ आणि ८, २ आणि ६ या जोड्या तपासा, या वाजल्या पाहिजेत. प्रत्येक पार्ट बोटाने हलवताना बीप तुटत नाही ना तेही ऐका.

मगच आयसी बसवून बॅटरी लावा. एलईडी लागलाच नाही तर तो उलटा बसलाय का बघा. लागून तसाच राहिला आणि लुकलुकला नाही, तर २ आणि ६ मधल्या तारेच्या दोन्ही टोकांना पुन्हा एकदा बिट टेकवा. एखादं टोक नुसतं चिकटून बसलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.